इंग्रजीतली अलंकारिक भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. बहुतेक सगळे मराठी माध्यमातून आलेले. बढतीची परीक्षा देणारे बँकवाले, परदेशी निघालेल्या नर्स, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया. व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न वहीत उतरवून ठेवायची सवय आहे. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे दिलेत. एकदा सांगितलेलं परत उगाळलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय. इंग्रजी उदाहरणं मुद्दाम देवनागरीत आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील.

१. अलंकारिक भाषा म्हणजे फक्त कवितेतल्या उपमा-रूपकांनाच म्हणतात का?

नाही. शब्दाचा कोशातला अर्थ सोडून त्याच्याकडून दुसरंच काम करून घेतलं, की ती अलंकारिक भाषा. "कांद्याचे भाव कडाडले" म्हणताना वीज कुठेच नसते. "पोटात कावळे ओरडतायत" म्हणताना कावळा नसतो. मंडईत अर्धा तास उभं राहा, एखाद्या कवितासंग्रहात सापडणार नाहीत इतके अलंकार कानावर पडतील.

आपल्या काव्यशास्त्राने याची व्यवस्था फार पूर्वी लावली आहे. सरळ अर्थ ती अभिधा, सरळ अर्थ जुळेना म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा, आणि न बोलता सुचवलेलं ती व्यंजना. 'गंगेवर गवळीवाडा' हे लक्षणेचं ठरलेलं उदाहरण. पाण्यावर वाडा कसा असेल? म्हणून काठावर, असं आपण समजून घेतो. इंग्रजी वाचताना डोकं नेमकं हेच करतं. तेव्हा हा विषय तुम्हाला नवा आहे असं समजू नका.

२. मला कविता लिहायची नाही, ऑफिसपुरतं इंग्रजी हवंय. मग हे शिकून काय उपयोग?

ऑफिसच्या इंग्रजीतच हे जास्त आहे. 'डेडलाइन' घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कैद्यांच्या छावणीत एक रेषा आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. आज आपण ती गुरुवारवरून सोमवारवर ढकलतो. 'बॉटलनेक' म्हणजे बाटलीची मान, काम अडतं ती जागा. 'टच बेस' (थोडक्यात संपर्क साधणे) आणि 'बॉलपार्क फिगर' (अंदाजे आकडा) बेसबॉलमधून आले. 'स्टिकी विकेट' (अडचणीची परिस्थिती) क्रिकेटमधून आली, आणि ती समजायला आपल्याला कोश लागत नाही. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर ऊन पडलं की फलंदाजाचे हाल.

याच्याही खाली आणखी एक थर आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० साली दाखवून दिलं, की माणसं नुसती रूपकांत बोलत नाहीत, विचारही रूपकांतच करतात. इंग्रजीत वेळ म्हणजे पैसा. म्हणून तो 'स्पेंड' करतात, 'सेव्ह' करतात, 'इन्व्हेस्ट' करतात. मराठीत आपण वेळ वाचवतो खरा, पण दवडतो, काढतो, मारतोही. एखादं काम तर वेळखाऊ असतं, म्हणजे वेळ हा खाण्याचा पदार्थ. वादाचंही तसंच. इंग्रजीत समोरच्याचा मुद्दा 'शूट डाउन' करतात, आपण तो खोडून काढतो. त्यांच्या हातात बंदूक, आपल्या हातात खोडरबर! हे एकदा लक्षात आलं, की कुठल्या शब्दासोबत कुठलं क्रियापद येतं ते घोकावं लागत नाही.

३. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती. एवढा तक्ता पाठ केला की पुरे ना?

पेपरात सुटण्यापुरता पुरेल. पण तक्त्याच्या दोन्ही बाजू काटेकोर जुळत नाहीत, आणि हुशार मुलं तिथेच अडतात.

मराठीत 'सारखा' आला की उपमा आणि 'जणू' आला की उत्प्रेक्षा. इंग्रजी शाळेत दोन्ही एकाच खणात, सिमिली. उलट मराठीतलं रूपक आखूड आहे. त्यात ज्याची तुलना करायची तेही वाक्यात लागतं आणि ज्याच्याशी करायची तेही. 'माझी आजी म्हणजे वडाचं झाड' हे रूपक झालं. पण आजीचं नावही न घेता 'वड कोसळला' एवढंच लिहिलं, तर इंग्रजी शिक्षक त्याला मेटाफरच म्हणतील. संस्कृत अलंकारशास्त्रात मात्र याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात, कारण इथे वडाने आजीला गिळून टाकलं. शाळेतली अतिशयोक्ती यापेक्षा साधी. दमडीच्या तेलात सासूबाईंचं न्हाणं होतं आणि उरलेल्या तेलाच्या ओघळात उंट पोहून जातो, ती. हायपरबोली म्हणजे हा उंट.

चेतनगुणोक्ती आणि पर्सॉनिफिकेशन, अनुप्रास आणि ॲलिटरेशन, श्लेष आणि पन या जोड्या बिनधास्त पाठ करा. विरोधाभासाला पॅराडॉक्स म्हणा. ऑक्सिमोरॉन म्हणजे तोच विरोध दोन शेजारच्या शब्दांत कोंबलेला, जसा 'ओपन सीक्रेट'.

४. वाक्यात 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की डोळे मिटून सिमिली लिहायचं का?

डोळे उघडे ठेवून लिहा. 'आय लाइक टी' यात तुलनाच नाही. 'शी वर्क्स ॲज अ नर्स' यात ती नर्सच आहे, नर्ससारखी नाही. खरा सापळा पुढे आहे: 'ही इज ॲज टॉल ॲज हिज फादर'. तुलना आहे, पण दोन्हीकडे माणसं आणि दोन्हीकडे उंची. मोजपट्टी लावली की काम संपलं. हा अलंकार नव्हे. 'ही इज ॲज टॉल ॲज अ कोकनट ट्री' म्हटलं की सिमिली, कारण आता जात वेगळी झाली. सरांनी 'ॲज… ॲज' बघून गुण दिले तर भांडायला जाऊ नका, मनात ठेवा.

५. मेटॉनमी आणि सिनेक्डकी यांत दर वेळी गोंधळ होतो. फरक कसा लक्षात ठेवायचा?

तुकडा की शेजारी, एवढंच विचारा. 'घरात खाणारी सहा तोंडं आहेत': तोंड हा माणसाचा तुकडा, म्हणून सिनेक्डकी. इंग्रजीतही 'सिक्स माउथ्स टु फीड' असंच म्हणतात. 'मंत्रालयाने आदेश काढला': इमारत आदेश काढत नाही, आत बसलेले काढतात; इमारत त्यांची शेजारी, म्हणून मेटॉनमी. इंग्लंडची 'डाउनिंग स्ट्रीट' त्याच चालीची. काही जाणकार सिनेक्डकीला मेटॉनमीचाच पोटप्रकार धरतात, त्यामुळे सीमेवरच्या उदाहरणावर रात्र काढू नका.

६. मॅडम, मुलाला शाळेतून दोनशे इडियम्सची यादी आली आहे. पाठ करून घेऊ का?

करून घ्या, गृहपाठ आहे म्हणून. पण त्यातून इंग्रजी येईल अशी आशा धरू नका. अशा प्रत्येक यादीत वरच्या पाचांत 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' असतंच. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींच्या कानावर ते क्वचितच पडलंय. तिथली माणसं 'इट्स पोअरिंग' म्हणतात, फार तर 'बकेटिंग डाउन'. आपण तरी पाऊस बघून रोज 'मुसळधार' म्हणतो, पण कितीजणांच्या डोळ्यांपुढे मुसळ येतं?

यादीची खरी खोट अशी, की तिच्यात अर्थ असतो पण माणूस नसतो. कोण कोणाला, कुठे, कुठल्या सुरात म्हणतं, ते यादी सांगत नाही (त्याचे परिणाम प्रश्न ९ मध्ये). वर्गात आम्ही वेगळं करतो. वाचताना वाक्प्रचार भेटला की त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्यही वहीत लिहायचं. तोच वाक्प्रचार तीन वेगळ्या ठिकाणी भेटेपर्यंत स्वतः वापरायचा नाही. ओळखता पाचशे यावेत, वापरायला वीस-पंचवीस पुरतात.

७. मराठी वाक्प्रचार शब्दशः इंग्रजीत नेला तर चालतो का?

काही चालतात, आणि तेच घात करतात, कारण मग सगळेच चालतील असं वाटू लागतं. जखमेवर मीठ चोळणे, पाठ फिरवणे, नाक खुपसणे, मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे हे इंग्रजीतही जवळपास तसेच आहेत. काही तर उलट इंग्रजीतून मराठीत आलेत. 'पांढरा हत्ती' आता आपलाच वाटतो.

पण 'डोन्ट ईट माय हेड' म्हटलंत तर मुंबईचा माणूस हसेल आणि लंडनचा घाबरेल. 'ही पील्स अनियन्स विथ हिज नोज' यात नाकाने कांदे सोलणाऱ्याचा तोरा उतरत नाही, सर्कस उतरते. पोटाची गंमत बघा. आपल्या पोटात कावळे भुकेने ओरडतात आणि भीतीने गोळा येतो. इंग्रजी पोटात परीक्षेच्या आधी फुलपाखरं फडफडतात. पोट तेच, पाखरं वेगळी.

एक अपवाद: कथा-कविता लिहीत असाल तर ही मनाई सैल करा. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कविता लिहीत. जेजुरीवरचा त्यांचा इंग्रजी संग्रह १९७६ साली आला. पण तिथे वाक्प्रचाराचं भाषांतर नाही, डोळ्यांनी पाहिलेली वस्तू आहे. नाकाने कांदे सोलणारी आत्या इंग्रजी कथेत आणायची तर आधी तिचं नाक दाखवा, कांदे मागून येऊ देत.

८. ओळखीचे वाटणारे पण भलताच अर्थ असलेले इंग्रजी वाक्प्रचार कोणते?

हा माझा आवडता प्रश्न. आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांना त्यांचा परदेशी सहकारी हसत म्हणाला, "आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग." हे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, खेकड्याचं काम. इंग्रजीत ती नुसती थट्टा. बिचाऱ्याने थट्टा केल्याचीच कबुली दिली होती.

'वॉश युअर हँड्स ऑफ इट' म्हणजे अंग काढून घेणे. आपण मात्र हात धुऊन मागे लागतो. एकाच हात धुण्यातून अगदी उलट टोकं! 'कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी कच खाणे, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला होतं ते. आपले हातपाय गार पडतात तेव्हा प्रसंग त्याहून बाका असतो. घुबड तिकडे शहाणं, इकडे अशुभ. 'ग्रीन' म्हणजे तिकडे अननुभवी किंवा मत्सराने ग्रासलेला. आपला 'हिरवट म्हातारा' वेगळ्याच कारणाने बदनाम आहे.

हवामानही शब्दांत शिरतं. थंड देशात ऊब म्हणजे माया, म्हणून स्वागत 'वॉर्म' आणि दुर्लक्ष करायला 'कोल्ड शोल्डर'. आपल्याकडे नातवाला बघून डोळे निवतात, जीव थंड होतो. 'माय आइज बिकेम कोल्ड' असं लिहिलेला निबंध मी तपासलाय. वाक्यातला नातू फार गोड होता, पण मृतदेह बघितल्यासारखं वाटलं.

९. कोशात 'किक द बकेट' म्हणजे मरणे असं दिलंय. मग रजेच्या अर्जात लिहिलं तर काय चुकलं?

मराठीत लिहून बघा: 'माझे आजोबा गचकल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी.' कळलं? अर्थ बरोबर, पायरी चुकली. अर्जात 'पास्ड अवे' किंवा सरळ 'डाइड' लिहा. आपल्याकडचं 'एक्स्पायर्ड' मुळात वाईट नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ श्वास बाहेर टाकणे, म्हणजे 'प्राण सोडला' याच घरातला. पण ब्रिटन-अमेरिकेत आता दूध आणि लायसन्स एक्स्पायर होतं, म्हणून तिकडच्या पत्रात टाळा.

दुसरी गोष्ट, वाक्प्रचाराची मोडतोड किती चालते ते ज्याचं त्याचं वेगळं असतं. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हटलं तरी गुपित फुटल्याचा अर्थ टिकतो. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की माणूस जिवंत होतो आणि बादली सांडते.

१०. आयईएलटीएसमध्ये (परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेत) इडियम्स वापरल्याशिवाय बँड सात मिळत नाही, हे खरं का?

असं शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. तोंडी परीक्षेच्या बँड सातच्या वर्णनात 'इडियमॅटिक' हा शब्द आहे, त्यावरून हे सुरू झालं. पण त्याचा अर्थ म्हणींची माळ ओवणे असा नाही. त्या भाषेत जे सहज शेजारी बसतं ते, असा आहे. पाऊस आणि ट्रॅफिक 'हेवी', चहा 'स्ट्राँग'. आपला कडक चहा 'हार्ड टी' झाला की तिथे इडियम चुकलं. त्याच वर्णनात थोड्या चुकीच्या निवडीही माफ केल्यात, तेव्हा घाबरू नका. प्रत्येक उत्तराची सुरुवात 'वन्स इन अ ब्लू मून'ने (म्हणजे क्वचित कधीतरी) केली, तर परीक्षकाला पाठांतर ऐकू येतं. लेखी निबंधात तर आणखी कमी.

११. साहेबांनी रिपोर्ट वाचून 'नॉट बॅड' म्हटलं. खूश आहेत की नाराज?

साहेब कुठले, त्यावर आहे. ब्रिटिश असतील तर बहुधा पेढे वाटा. कमी बोलून जास्त सांगणं हाही अलंकारच आहे, नाव लायटोटीज. नकाराच्या पोटातून होकार काढायचा. पोहे चाटूनपुसून संपवल्यावर "बरे झालेत" म्हणणारा काका आपल्याही घरात असतोच. 'क्वाइट गुड' मात्र सांभाळा: अमेरिकन तोंडी ते कौतुक, ब्रिटिश तोंडी बऱ्याचदा 'ठीकठाक'.

उपरोध याहून अवघड. बस चुकल्यावर 'ओह, ब्रिलियंट!' हे ऐकताना सूर मदत करतो, ईमेलमध्ये सूर नसतो. म्हणून ईमेलमध्ये आपण स्वतः उपरोध करायच्या भानगडीत पडू नये. मी एकदा पडले होते. ती तक्रार आठवडाभर निस्तरत होते.

१२. रिपोर्ट किंवा विज्ञानाच्या लेखनात अलंकार पूर्ण टाळायचे का?

टाळून टाळता येत नाहीत. 'सेल', 'व्हायरस', 'क्लाउड' हे तुम्ही वापरणारच. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं, म्हणजे खोली. काळजी घ्यायची ती रूपक चुकीचं चित्र देत नाही ना याची. विश्वाच्या सुरुवातीच्या सिद्धांताला 'बिग बँग' हा शब्द खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर वापरला, आणि ते स्वतः त्या सिद्धांताच्या विरोधात होते. मराठीत त्याचा 'महास्फोट' झाला आणि मुलांच्या डोक्यात रिकाम्या अंधारात फुटलेला सुतळी बॉम्ब बसला. खरं तर अवकाशच पसरू लागलं. फुटायला बाहेर जागाच नव्हती. तेव्हा उपमा द्या, आणि ती कुठे थांबते तेही पुढच्या वाक्यात सांगा.

१३. निबंध भारदस्त व्हावा म्हणून रूपकं घालते, तरी शेरा येतो 'मिक्स्ड मेटाफर'. म्हणजे काय?

माझ्याकडे आलेलं एक वाक्य: 'करप्शन इज अ कॅन्सर ईटिंग द रूट्स ऑफ सोसायटी अँड वी मस्ट बर्न इट विथ द टॉर्च ऑफ एज्युकेशन.' रोग आला, झाड आलं, मशाल आली. वाचणाऱ्याने दवाखान्यात जायचं की शेतात? लिहिणारीने एकाही चित्राकडे बघितलेलं नाही, म्हणून ती एकमेकांवर आपटली. इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली नेमकी हीच तक्रार केली होती: छापील मजकुरात नेहमी दिसणारी रूपकं लिहिणाऱ्याचे विचार करण्याचे कष्ट वाचवतात, म्हणून ती वापरूच नयेत.

आम्ही ते वाक्य मोडून एकच चित्र ठेवलं, वाळवीचं. तिच्या घरी दाराच्या चौकटीला लागली होती. 'करप्शन इज लाइक टर्माइट्स. द डोअर लुक्स सॉलिड टिल यू लीन ऑन इट.' शब्द साधे, व्याकरण सातवीचं. आता दाराला टेकायची भीती वाटते की नाही?

१४. मग 'डेडलाइन'सारखी जुनी रूपकंही टाळायची का?

नाही, ती मेलेली आहेत, आणि मेलेली रूपकं म्हणजेच निम्मी भाषा. प्रश्न १३ मधला नियम अर्धमेल्यांसाठी आहे, ज्यांचं चित्र पुसट दिसतं पण कोणी बघत नाही. ओळखायची खूण: चित्र मुद्दाम सांगितल्यावर तुम्ही दचकलात, तर ते मेलेलं होतं. 'विंडो' बघा. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत तो शब्द 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. आणि आपलं 'गवाक्ष'? गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. भिंतीला भोक पाडून दोन टोकांच्या माणसांना डोळाच आठवला. संगणकावर विंडो उघडताना हे आठवायची गरज नाही, पण वर्गात हे सांगितलं की त्या दिवशी कोणी लवकर घरी जात नाही.

१५. आपल्याकडून इंग्रजी वाक्प्रचारांत काही गेलंय का?

गेलंय. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून 'जगरनॉट', म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारी शक्ती. ब्रिटनमध्ये अवाढव्य मालट्रकलाही म्हणतात. आणि खास आपलं म्हणजे 'डूलॅली'. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. ऊन, ताप, करायला काही नाही. काहींचं डोकं फिरे. त्याला ते म्हणत 'डूलॅली टॅप', देवळालीचा ताप. पुढे ताप गळाला, देवळाली राहिली. आजही ब्रिटनमध्ये 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणजे त्याचं जरा सटकलंय.

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून गेलेल्या एका विद्यार्थिनीचा मेसेज मध्यंतरी आला. वॉर्डातल्या आजीबाई औषध घेताना तिला म्हणाल्या, "डोन्ट माइंड मी, लव्ह, आय ॲम गोइंग डूलॅली." हिचं माहेर देवळाली कॅम्प. तिने गोळी हातात दिली आणि म्हणाली, "पोहोचलात की आईला निरोप सांगा."